शिळ्या कर्नलला ऊत

अपडेट हा विधी आहे आणि विधीच्या फळाकडे बघायचं नसतं. सकाळी चहाचा कप शेजारी ठेवावा, लिनक्सचं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडावं, मालकाचे अधिकार देणारा ‘सुडो’ लावून अपडेट-अपग्रेडचं स्तोत्र म्हणावं, पासवर्ड एकदा चुकवावा आणि काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी सरसर वर जाताना बघत चहा संपवावा. त्या ओळींत कुठेतरी ‘लिनक्स-इमेज’ हे नाव चमकून जातं. झालं की मग! नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला, मशीन सुरक्षित झालं, तुम्ही जबाबदार माणूस ठरलात. यानंतर काही जणांना ‘यूनेम -आर’ टाइप करून प्रत्यक्षात कोणता कर्नल चालू आहे हे पाहण्याची हुक्की येते. ती आवरा. सत्यनारायणाला बसलेला यजमान मधेच उठून, देव खरंच आलाय का, हे बघायला दाराशी जातो का?

ज्यांना अपडेट तर वेळच्या वेळी करायचे आहेत, पण कर्नल मात्र जुनाच वापरायचा आहे, अशा श्रद्धाळू मंडळींसाठी हे चार शब्द. दोन्ही एकदम साधणं वाटतं तितकं अवघड नाही. मी स्वतः पावणेदोन वर्षं साधलं आहे.

अगदी नवशिक्यांनी मशीन रीस्टार्टच करू नये. नवा कर्नल डिस्कवर येऊन पडतो, पण मेमरीत बसलेला जुना काही उठून त्याला जागा देत नाही. एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसासारखा तो स्टँड येईपर्यंत हलत नाही. उबुंटू (लिनक्सचाच एक अवतार) बिचारं लॉगिनच्या वेळी दोन्हीकडे तीन-तीन तारका काढून रीस्टार्टची विनंती करतं. तिकडे काणाडोळा करा आणि मित्रांना अपटाइम, म्हणजे मशीन न थांबता किती दिवस चालू आहे, ते दाखवा. चारशे दिवस! मार्च 2022 मध्ये ‘डर्टी पाइप’ नावाचं खिंडार जाहीर झालं. कर्नल 5.8 पासून ते होतं आणि जी फाइल फक्त वाचायची, तिच्यात लिहिण्याची सोय ते साध्या वापरकर्त्यालाही करून देत होतं. दुरुस्ती 5.10.102, 5.15.25 आणि 5.16.11 मध्ये आली. अपटाइमवाल्यांनी ती तत्परतेनं डिस्कवर उतरवून घेतली आणि मेमरीतलं खिंडार तसंच चालू ठेवलं.

रीस्टार्ट करूनही जुनाच कर्नल हवा असेल तर थोडी मेहनत घ्यावी लागते. उबुंटू आणि त्याचं मूळ डेबियन यांच्या घरात ‘लिनक्स-इमेज-एएमडी64’ किंवा ‘लिनक्स-जेनेरिक’ असं एक पोकळ पॅकेज असतं. त्याच्या पोटात कर्नल नसतो, ‘सध्याचा कर्नल अमुक’ एवढी चिठ्ठी असते. दिवाळीच्या साफसफाईत ते उडवून टाका. मग पुढचा कर्नल आल्याचं तुमच्या मशीनला कळणारही नाही आणि सगळं कसं अद्ययावत आहे, असा निर्वाळा मात्र रोज मिळत राहील.

किंवा ग्रबला, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडून उठवणाऱ्या प्रोग्रॅमला, हाताशी धरा. त्याच्या सेटिंगमध्ये डिफॉल्टच्या जागी शून्य असतं, म्हणजे यादीतला पहिला आणि बहुधा सर्वांत नवा. हे फारच सरळ झालं. कधीतरी नव्या कर्नलवर वायफाय रुसलं की तिथे ‘सेव्ह्ड’ लिहा, सोबत निवड लक्षात ठेवायचा पर्यायही चालू करा, एकदा जुना कर्नल निवडा आणि मेनू दिसण्याची वेळ शून्य सेकंद करून टाका. वायफाय पुढच्याच आठवड्यात सुधारेल, पण ग्रब दिल्या शब्दाला जागणारा आहे. दोन लिनक्स शेजारी शेजारी नांदत असतील तर आणखी बहार. मशीन सुरू होताना ग्रब एकाचा उठतो आणि त्याची यादी ताजी करणारं अपडेट-ग्रब तुम्ही चालवता दुसऱ्याच्या घरात. पूर्वी एका घराला दुसऱ्याची खबर तरी असायची, पण 2021 च्या ग्रब 2.06 पासून शेजारी डोकावण्याची ती सवय मूळ सेटिंगमध्येच बंद झाली.

पण हे सगळे किरकोळ प्रकार. खरी कला ‘/बूट’ची, म्हणजे कर्नल जिथे ठेवतात त्या फोल्डरची, आहे आणि तिच्याबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो.

ऑफिसातला एक सर्व्हर माझ्याकडे होता. डेबियन 11, कर्नल 5.10.0-8. ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात. एकदा डिस्कची तपासणी करताना कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधल्या ‘/बूट’च्या ओळीआधी मी एक हॅश (#) टाकला, म्हणजे ती ओळ रद्द. तात्पुरता. आमच्याकडे तात्पुरतं म्हणून आलेलं कुणीही परत गेलेलं नाही, तसा तो हॅशही राहिला. आता गंमत अशी की ‘/बूट’ हे नुसतं फोल्डरचं नाव आहे. पार्टिशन माउंट झालं, म्हणजे जोडलं गेलं, तर त्या नावाखाली पार्टिशन दिसतं, नाही झालं तर रिकामं फोल्डर. नाव तेच, पाटी तीच. म्हणजे आई मांडणीवरच्या डब्यात ताजे लाडू भरतेय आणि पोरगं माळ्यावरच्या डब्यातून खातंय. ग्रब लिनक्सच्या आधी उठतो, एफएसटॅब त्याच्या गावीही नसतो, तो थेट माळ्यावर हात घालतो. तिथे 2021 चे लाडू.

त्यानंतर मी त्या सर्व्हरची मनोभावे सेवा केली. दर पंधरा दिवसांनी अपडेट. जून 2023 मध्ये डेबियन 12 आलं, त्यातला कर्नल 6.1, तो मोठा बदलही मी एका शनिवारी पार पाडला, त्याचे पेढेही वाटले. वर सगळं बारा, खाली इंजिन अकराचं. मशीननं एक शब्द काढला नाही. जुना कर्नलही सुखरूप राहिला, कारण पॅकेजेसचा कारभार बघणारं एपीटी मोठं सालस, नको असलेली पॅकेजेस काढायला सांगितली तरी जो कर्नल सध्या चालू आहे त्याला ते सहसा हात लावत नाही.

बरं, मशीननं मला सांगितलं नाही असंही नाही. एकदा मी हौसेनं अपडेट-ग्रब चालवलं, तर ते म्हणालं, ‘/बूट/ग्रब’ नावाचं फोल्डरच अस्तित्वात नाही, मी लिहू कुठे? शहाण्या माणसाला इथे प्रश्न पडला असता. जे मशीन रोज ग्रबमधून उठतं, त्याच्यात ग्रबचं फोल्डर नाही? मला नाही पडला. फोल्डर नाही म्हणतोस, मग हे घे, म्हणून मी ते तयार करून दिलं. पुन्हा अपडेट-ग्रब. या वेळी त्यानं 6.1 सापडल्याची ओळ छापली, ‘डन’ म्हणाला, आणि मीही म्हणालो डन. हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. एरर आली की तिचा अर्थ लावत बसायचं नसतं, ती मागेल ते देऊन तिचं तोंड बंद करायचं असतं.

अखेर मिठाचा खडा टाकला तो नवीन लागलेल्या एका मुलीनं. मॉनिटरिंगच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, “दादा, हा पाच-दहावर कसा? आपण तर बारावर आहोत ना?”

“तो तक्ता जुना असेल,” मी म्हणालो.

तिनं तिथल्या तिथे यूनेम मारलं. 5.10.0-8. अशा वेळी चेहऱ्यावर काहीही न दाखवता “हो, तो मुद्दाम ठेवलाय, स्टेबल आहे” असं म्हणायचं असतं. मी म्हणालोही. मग ती कँटीनला गेल्यावर तीन तास घाम गाळला. अपडेट-ग्रब पुन्हा चालवलं. कर्नल पुन्हा इन्स्टॉल केला. दोन वेळा. बायोसला शिव्या घातल्या. परत आल्यावर तिनं माउंट झालेल्या पार्टिशनांची यादी काढली आणि विचारलं, “यात /बूट का नाही दिसत?” काखेत कळसा, आणि मी गावाला वळसे घालून नारायणगावपर्यंत पोचलो होतो.

उपाय लाजिरवाणा सोपा निघाला. हॅश काढा, ‘/बूट’ माउंट करा, कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवा म्हणजे तो आणि त्याची इनिट-रॅम-एफएस, म्हणजे उठताना लागणारी शिदोरी, खऱ्या डब्यात पडतील, अपडेट-ग्रब करा, रीस्टार्ट करा. पाच मिनिटं. अर्थात पार्टिशनवर जागा असेल तर. कर्नलागणिक इनिट-रॅम-एफएस बरीच जागा खाते, आणि अर्ध्या जीबीचं ‘/बूट’ भरलं की नवा कर्नल अर्धवट बसून राहतो आणि जुना पुन्हा मुकाट कामाला लागतो. म्हणजे पार्टिशन लहान ठेवणं हाही एक स्वतंत्र मार्ग झाला, ज्यांना हॅश टाकायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी.

आर्च नावाचं लिनक्स वापरणाऱ्या मंडळींना मात्र माझ्यासारखी पावणेदोन वर्षं मिळत नाहीत, त्यांचा निकाल लगेच लागतो. तिथे कर्नल अपडेट झाला की जुन्याची मॉड्यूल्स, म्हणजे गरजेप्रमाणे जोडायचे त्याचे सुटे भाग, त्याच क्षणी निघतात. ‘/बूट’ माउंट नसेल तर पुढच्या खेपेला जुना कर्नल उठतो, स्वतःची मॉड्यूल्स शोधतो आणि त्याला ती सापडत नाहीत. पेनड्राइव्ह लावला तर ओळखत नाही. वायफाय नाही. बरं, ‘/बूट’ माउंट करावं म्हटलं तर ते बहुतेकांचं ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू होताना वाचलं जाणारं), म्हणजे व्हीफॅट पद्धतीनं मांडलेलं; व्हीफॅट वाचायला मॉड्यूल लागतं; मॉड्यूल नव्या कर्नलचं आहे; आणि नवा कर्नल ‘/बूट’वर ठेवायचा तर आधी ‘/बूट’ माउंट व्हायला हवं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. मग लाइव्ह यूएसबी म्हणजे पेनड्राइव्हवरून उठणारं लिनक्स, क्रूट म्हणजे त्यातून आपल्या घरात शिरणं, आणि रात्रीचे दोन.

माझ्या सर्व्हरनं त्या संध्याकाळी 6.1 दाखवला. मी लगेच यूनेमला ‘-व्ही’ लावूनही पाहिलं, कारण डेबियनमध्ये कधी कधी नाव तेच राहून आतला माल बदलतो आणि नुसत्या नावावर विसंबणं मला आता परवडणार नव्हतं. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. पावणेदोन वर्षं जे कर्नल मी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये भरत होतो, ते अजून तिथेच आहेत, वर पार्टिशन माउंट झाल्यामुळे झाकले गेलेले. शिल्लक जागा सांगणारा डीएफ म्हणतो रूटवरची, म्हणजे मुख्य पार्टिशनवरची, जागा गेली, फोल्डरं मोजणाऱ्या डीयूला ती कुठे गेली ते सापडत नाही. काढायचे तर ‘/बूट’ पुन्हा अनमाउंट करावं लागेल. पुढच्या आठवड्यात ती मुलगी रजेवर आहे, तेव्हा करीन म्हणतो. तात्पुरता एक हॅश टाकून.