पांढरा वाघ कोणत्या रानात जन्मतो?

अरविंद अडिगा यांची ‘द व्हाइट टायगर’ ही कादंबरी २००८ साली आली, त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून तिच्याविषयी माझ्या वाचनात जे काही आले त्यात एक गोष्ट जवळजवळ गृहीत धरलेली दिसली: कोंबड्यांचे खुराडे म्हणजे गुलामी आणि पांढरा वाघ म्हणजे त्या गुलामीतून सुटलेला माणूस. गेल्या महिन्यात ही कादंबरी मी तिसऱ्यांदा वाचली आणि हा अर्थ मला पटेनासा झाला. ज्या दोन प्रतीकांना आपण एकमेकांच्या विरुद्ध उभे करतो ती एकाच पिंजऱ्यातली आहेत, असे आता मला ठामपणे वाटते, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गया जिल्ह्यातल्या लक्ष्मणगढ नावाच्या गावी रिक्षा ओढणाऱ्याच्या पोटी जन्मलेला बलराम हलवाई शाळा सुटून चहाच्या दुकानात लागतो, पुढे गाडी चालवायला शिकतो आणि गावच्याच जमीनदाराच्या घरी ड्रायव्हर होतो. जमीनदाराच्या धाकट्या मुलाबरोबर, अमेरिकेतून परतलेल्या अशोकबरोबर, तो दिल्लीला येतो, एके रात्री फोडलेल्या बाटलीने अशोकचा गळा चिरतो, सात लाख रुपयांची लाल बॅग घेऊन बंगळूर गाठतो आणि तिथे टॅक्सीचा व्यवसाय उभारतो. ही सारी हकीकत तो चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना उद्देशून सात रात्रींत सांगतो.

गावातल्या चार जमीनदारांना त्यांच्या भुकेवरून जनावरांची आणि पक्ष्यांची नावे पडलेली आहेत. करकोचा नदीचा मालक असून प्रत्येक मासळीत वाटा घेतो, रानडुकराकडे चांगली शेतजमीन आहे, डोमकावळ्याकडे खडकाळ माळ आणि तिथे चरणाऱ्या शेळ्यांवरचा हक्क आहे, आणि रेडा रस्त्याचा धनी असल्यामुळे रिक्षावाल्यांच्या कमाईतला तिसरा हिस्सा त्याचा असतो. बलरामच्या बापाची मिळकत अशी वाटेतच कमी होते. घरी आल्यावर तरी त्याच्याकडे कोणी पाहावे, तर तिथे पहिला मान म्हशीचा, कारण दूध तीच देते आणि घरात अंगाने भरलेली तीच एक आहे. विषमता समजावण्यासाठी आकडेवारीची पाने खर्च करावी लागतात, तिथे अडिगांना एक म्हैस आणि एक बरगड्या दिसणारा बाप पुरतो. माझ्या मते प्रतीकाचे खरे सामर्थ्य अशा जागी असते. ते ‘हे प्रतीक आहे’ असे सांगत येत नाही, घरातल्या दावणीला बांधलेले असते.

खुराड्याचे तसे नाही. ते बलराम स्वतः उलगडून सांगतो, म्हणूनच ते सर्वाधिक उद्धृत होत असावे. जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या मागे तारेच्या जाळीत शेकडो कोंबड्या कोंबलेल्या असतात, श्वासापुरत्या जागेसाठी एकमेकींना टोचत असतात. वरच्या फळीवर खाटीक नुकतीच कापलेली कोंबडी मांडतो, रक्ताचा वास खाली येतो, पुढची पाळी आपली हे प्रत्येकीला कळते, तरी कोणी बंड करीत नाही. नोकरांचेही असेच आहे, असे बलराम म्हणतो. हिऱ्यांनी भरलेली बॅग एकटा नोकर घेऊन जातो आणि पळून जात नाही. पोलिसांची भीती किंवा इमानदारी यांनी याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. बलरामचे उत्तर असे की खुराड्याचा पहारेकरी कुटुंब आहे: नोकर पळाला तर मालक त्याच्या गावाकडच्या माणसांना मारून टाकील, जाळून टाकील, आणि हे सहन करण्याची तयारी असलेलाच माणूस बाहेर पडू शकतो. प्रेमालाच कडी-कुलूप बनवणारी ही व्यवस्था वाचताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. ज्या कुसुम आजीला बलराम पगार पाठवतो, जी त्याच्या लग्नाचा तगादा लावते, तीच त्या जाळीची एक तार आहे, आणि तिचा बिचारीचा त्यात दोषही नाही.

आता वाघाकडे वळते. शाळा तपासायला आलेला अधिकारी लहानग्या बलरामला विचारतो की रानात पिढीतून एकदाच जन्मणारा प्राणी कोणता, आणि मुलगा उत्तरतो, पांढरा वाघ. तेव्हापासून हेच त्याचे नाव. इथून पुढे आपण वाचक त्या वाघाला रानातच पाहत राहतो. कादंबरीत प्रत्यक्ष पांढरा वाघ दिसतो तो मात्र दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गजांमागे. तो एकाच रेषेत, एकाच गतीने येरझारा घालत असतो, आणि असे चालून चालून स्वतःला भूल दिल्याशिवाय त्याला हा पिंजरा सोसणार नाही, हे बलरामच्या लक्षात येते. दोघांची नजरानजर होते आणि बलराम बेशुद्ध पडतो. आयुष्यभर ज्या नावाचा अभिमान बाळगला, ते नाव त्याला प्रथमच देहाने भेटते, आणि ते कैदेत आहे.

लेखकाने पांढऱ्या वाघांचा खरा इतिहास कादंबरीत सांगितलेला नाही. पण प्रतीक निवडले की त्याचा इतिहासही त्याच्यामागून येतो. १९५१ साली रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी विंध्याच्या रानात एक पांढरा बछडा पकडला. त्याची आई आणि भावंडे त्या शिकारीत मारली गेली. मोहन असे नाव देऊन त्याला गोविंदगडच्या वाड्यात ठेवले गेले. साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्ले होईनात, तेव्हा त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याची जोडी लावण्यात आली आणि १९५८ साली चार पांढरी पिल्ले जन्मली. त्यांतली एक मोहिनी, जी १९६० साली वॉशिंग्टनला पाठवली गेली. त्यांतलीच राजा आणि राणी नावाची दोघे १९६३ साली दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आली. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले पांढरे वाघ बहुतांशी याच मोहनच्या वंशातले आहेत, आणि जवळच्या रक्ताच्या संकरामुळे त्यांच्यात तिरळेपणासारखे दोष वारंवार दिसतात. ज्या प्राण्याला आपण दुर्मीळ आणि स्वतंत्र समजतो तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्याने पैदा केलेला आहे.

हा इतिहास हाताशी ठेवून बलरामकडे पुन्हा पाहावे. त्याच्या सुटकेची किंमतही आई-भावंडांच्याच जातीची आहे. लक्ष्मणगढच्या आपल्या माणसांचे काय झाले असेल हे तो जाणून आहे, आणि जाणूनच त्याने बाटली फोडून हातात घेतली होती. बंगळूरला पोहोचल्यावर तो नाव घेतो अशोक शर्मा. मारलेल्या मालकाचे नाव, आणि त्याला जोडून हलवाईपेक्षा वरच्या जातीचे आडनाव. एवढ्याशा कचेरीत तो झुंबर टांगतो. त्याच्या उजेडाला पाली भितात, म्हणून ते त्याला आवडते. ‘अंधारा’तून, म्हणजे बलराम ज्याला अंधार म्हणतो त्या गरीब खेड्यांच्या भारतातून, निघालेल्या माणसाला मिळालेला ‘उजेड’ शेवटी विकत घेतलेला, छताला लटकवलेला, एका खोलीपुरता आहे. झुंबरावर बरेच लिहिले गेले आहे, पण तो उजेड किती फुटांपर्यंत पोहोचतो हे कोणी मोजलेले मी वाचले नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार प्रतीकांपेक्षा दोन अपघातांत आहे. दिल्लीत अशोकची बायको पिंकी मॅडम मद्याच्या नशेत गाडी चालवताना कोणाला तरी चिरडतात, तो बहुधा रस्त्यावरचा एखादा मुलगा होता, आणि गुन्ह्याच्या कबुलीवर सही बलरामकडून घेतली जाते. बंगळूरला बलरामच्या ड्रायव्हरकडून सायकलवरचा मुलगा मरतो. मालक म्हणून बलराम जबाबदारी स्वतःकडे घेतो, मुलाच्या घरी जातो, पैसे देतो, त्याच्या भावाला नोकरी देऊ करतो. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु पोलिसांना त्याने आधीच बांधून घेतलेले असते, आणि मेलेल्या मुलाला न्याय मिळण्याची शक्यता दोन्ही शहरांत तेवढीच राहते. बलराम अधिक चांगला मालक झाला आहे. खुराडे जागचे हललेले नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो की कोलंबिया आणि ऑक्सफर्डला शिकलेल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाने बिहारच्या ड्रायव्हरच्या तोंडून बोलू नये. आक्षेपात तथ्य आहे. बलरामची काही रूपके इतकी घोटीव आहेत की त्यांत लेखकच बोलतो. तरी गाडीतल्या आरशाचा प्रसंग वाचला की मी हा आक्षेप बाजूला ठेवते. मालक आणि ड्रायव्हर यांची नजर त्या आरशात अचानक भिडते, आणि कपडे बदलण्याच्या खोलीचे दार उघडून दोघांनी एकमेकांना उघडे पाहिल्यासारखे दोघेही ओशाळतात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ड्रायव्हरकाका तळघराच्या पार्किंगमध्ये तासन्‌तास खुर्चीशिवाय ताटकळत असतात. ही कादंबरी वाचण्यापूर्वी मागच्या सीटवर बसून मी त्या आरशात कधी पाहिलेच नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आरसा तिथे होता आणि त्यात दोन डोळे होते.

बंगळूरला पळताना बलराम आपला लहान पुतण्या धरम याला सोबत घेतो. कादंबरीच्या शेवटी तो मुलगा इंग्रजी शाळेत जातो, काकाने काय केले असावे याचा त्याला अंदाज आलेला आहे, आणि पेला रिकामा झाला की काकाकडे बघून तो आणखी दूध मागतो. बलराम ते ओततो. पुढच्या वाचनात मी बलरामवरून नजर काढून या मुलाकडे पाहणार आहे, कारण झुंबराखाली वाढणारा तो पहिला बछडा आहे.