स्वस्त शहर, महाग शहर: आकडा नेमका कोणाच्या खर्चाचा?

नोकरीसाठी शहर बदलायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. 'ते शहर इतके टक्के महाग' एवढ्या एका आकड्यावर होकार किंवा नकार कळवू नका. तो आकडा कुणाच्या तरी खर्चाच्या यादीवरून काढलेला असतो आणि ती यादी बहुतेक वेळा तुमची नसते.

मर्सर या सल्लागार कंपनीच्या अहवालावरून 'जगातलं सर्वात महाग शहर' अशी बातमी येते. तो अहवाल मुळात कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी असतो. नंबिओ हे संकेतस्थळ न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरं मोजतं, तेही लोकांनी स्वतः भरलेल्या किमतींवरून. आणि त्याच्या मुख्य निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नसतं! भाड्याचा निर्देशांक वेगळा दिलेला असतो, पण तिथपर्यंत फार थोडे जण जातात.

याने किती फरक पडतो बघा. समजा आज हातात १०० येतात. त्यातले २५ भाड्याला, ३५ बाकीच्या खर्चाला जातात आणि ४० शिल्लक राहतात. नवं शहर निर्देशांकानुसार २५ टक्के महाग आहे आणि पगारही २५ टक्के वाढवून मिळतोय. कागदावर बरोबरी झाली. पण तिथे भाडं दुप्पट असेल तर भाड्याचे ५०, बाकीचे ३५ वाढून जवळजवळ ४४, म्हणजे खर्च ९४ वर गेला. १२५ मधून उरले ३१. पगार वाढला आणि शिल्लक घटली. वाढीव कर तर मी धरलेलाही नाही.

भाडं वाचवायला लांब घर घेतलं तर प्रवासाचा खर्च आणि रोजचे तास त्यात मिळवा. ते तास अशा खर्चाच्या निर्देशांकात नसतात. मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मुलं झोपल्यावर घरी पोचणाऱ्या माणसाला ते तास कोणी भरून देत नाही.

यादी कुठल्या शहराची धरायची हाही प्रश्न आहेच. जुन्या शहरातल्या सवयी तशाच ठेवल्या तर नवं शहर जास्त महाग वाटतं; तिथे जे स्वस्त मिळतं ते घ्यायला लागलात की अंतर कमी होतं. लासपेअर (१८७१) आणि पाशे (१८७४) या अर्थशास्त्रज्ञांच्या महागाई मोजण्याच्या दोन सूत्रांत हाच फरक आहे: एक जुनी यादी धरतो, दुसरा नवी.

स्वस्त शहराकडे निघालेल्यांनीही जपून. तिथे केस कापणं, घरकाम, दुरुस्ती स्वस्त असते, कारण ते करणाऱ्यांची मजुरी कमी असते. तुमचा पगारही तिथल्याच दराने ठरणार असेल, तर त्या स्वस्ताईत तुमचं कामही आलं. लॅपटॉप, विमानाचं तिकीट, परदेशातल्या शिक्षणाची फी मात्र पगार बघून कमी होत नाही. खरा फायदा महाग शहराचा पगार स्वस्त शहरात बसून घेणाऱ्याला होतो, आणि तोही कंपनी राहण्याच्या ठिकाणानुसार पगार ठरवत नाही तोवरच. होकार देण्याआधी ही अट लेखी मागून घ्या.