असाकावांचं जपानप्रेम: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

कानइची असाकावा यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. जन्मभर अमेरिकेत राहून मायदेशाला उपदेश करणाऱ्या या इतिहासाच्या प्राध्यापकाचं जपानप्रेम पुस्तकी होतं. 1904 साली रशियाविरुद्ध जपानची बाजू मांडून पाच वर्षांत त्यांनी कोलांटउडी मारली. आणि सरंजामदारांच्या जुन्या कागदांत रमणं म्हणजे वर्तमानाकडे पाठ फिरवणं. यातला एकही मला पटत नाही.

आधी कागदांचं बोलू. 1919 मध्ये असाकावा क्यूशू बेटाच्या दक्षिणेला, जुन्या सात्सुमा प्रांतातल्या इरिकी गावी गेले. तिथल्या सामुराई घराण्याने शतकानुशतकांचे दस्त जपले होते. वाटणीपत्रं, नेमणुकीचे हुकूम, भाऊबंदकीचे तंटे. दहा वर्षांनी येल विद्यापीठाने ते त्यांच्या भाषांतरासह आणि टिपांसह छापले. तलवारींचा खणखणाट त्यात थोडाच, जमिनीवरचे हक्क जास्त. कामाकुरा काळात, म्हणजे साधारण बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, सामुराई घरातल्या मुलीलाही जमिनीचा वाटा मिळे. पुढे तो तिच्या हयातीपुरता उरला, आणि कालांतराने बहुतेक मालमत्ता एकाच वारसाकडे जाऊ लागली. वतनाच्या तंट्यांचे मोडी कागद ज्यांनी चाळलेत त्यांना यातली भांडणं लगेच कळतील! युरोपच्या सरंजामशाहीवर लिहिणाऱ्या मार्क ब्लॉक यांनीही जपानशी तुलना करताना असाकावांचा आधार घेतला. स्वामीसाठी हसत मरणारा सामुराई जपानी शाळांतून शिकवला जात होता, त्याच काळात हा माणूस सामुराईंच्या वाटण्या आणि खटले पुढे ठेवत होता. वर्तमानाशी याहून जवळचा संबंध कोणता असतो?

आता कोलांटउडी. 1904 मध्ये त्यांनी जपानची बाजू घेतली ती चीनचं सार्वभौमत्व आणि चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात सर्व देशांना व्यापाराची समान संधी, या दोन तत्त्वांवर. रशियाशी झालेलं युद्ध जिंकल्यावर दक्षिण मांचुरियात जपानच ती तत्त्वं पायदळी तुडवू लागला. तेव्हा 1909 मध्ये त्यांनी जपानीत पुस्तक लिहून, तोक्योत छापून, आपल्याच लोकांना बजावलं की या वाटेने गेलात तर अमेरिकेशी संघर्ष होईल. माप तेच होतं. जपान बदलला होता.

त्यांचे वडील निहोनमात्सु संस्थानचे सामुराई. 1868 च्या यादवीत हे संस्थान नव्या सरकारविरुद्ध लढलं आणि हरलं. सरकार सांगेल तो इतिहास तपासून घ्यायची सवय मुलाला तिथूनच लागली असावी, असं मला वाटतं.

राहिला पुस्तकी प्रेमाचा मुद्दा. त्या काळच्या अमेरिकी कायद्याने जपानी माणसाला नागरिकत्व मिळतच नसे, त्यामुळे 1948 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जपानचेच नागरिक होते. नोव्हेंबर 1941 मध्ये युद्ध टळावं म्हणून हार्वर्डचे कलाइतिहासकार लँग्डन वॉर्नर यांच्या साहाय्याने त्यांनी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानच्या सम्राटाला पाठवावं अशा पत्राचा मसुदा केला. रूझवेल्ट यांनी 6 डिसेंबरला प्रत्यक्षात जो संदेश पाठवला त्याचा मजकूर वेगळा होता, आणि दुसऱ्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, शत्रुराष्ट्र ठरू पाहणाऱ्या देशाचा नागरिक म्हणून परक्या मुलुखात राहताना, ज्याला आपल्या देशाची काळजी झोपू देत नाही त्याचं प्रेम पुस्तकी कसं म्हणायचं?

‘मूळ कागद दाखवा, मग बोला’ असंही तुम्ही म्हटलंय. ही मागणी रास्त आहे. इरिकीच्या दस्तांतलं एक वाटणीपत्र मी पुढच्या लेखात पूर्ण मराठीत देतो. ते वाचून पुन्हा जरूर लिहा.