स्वरयंत्र गेले, बुद्धी नव्हे!

कर्करोगामुळे माझे स्वरयंत्र काढावे लागले, कान आणि मेंदू शाबूत आहेत, एवढी साधी गोष्ट लोकांना केव्हा उमगणार? मी मोबाइलवर वाक्य टंकून त्याच्याकडून वदवून घेईपर्यंत समोरचा कारकून पत्नीकडे वळून 'यांना काय हवंय?' असे विचारून मोकळा झालेला असतो. काही महाभाग तर माझ्याशी ओरडून, हातवारे करून बोलतात, जणू आवाजाबरोबर मी श्रवणशक्तीही रुग्णालयात ठेवून आलो आहे. गळ्याला इलेक्ट्रोलॅरिंक्स (कंपनांतून यांत्रिक आवाज देणारे छोटे उपकरण) लावून फोन केला, तर पलीकडची व्यक्ती यंत्र समजून तो ठेवून देते, आणि बँक मात्र मला खुशाल यंत्राशीच बोलायला लावते! पडताळणीसाठी म्हणे 'आपले पूर्ण नाव स्पष्ट उच्चारा'. उच्चारता आले असते, तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कशाला जोडले असते? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वरयंत्र काढल्याने येणाऱ्या कायमच्या वाचाहानीला दिव्यांगत्व मानले, संवादाच्या व्याख्येत पर्यायी साधनेही घातली. पण खिडकीपलीकडे त्या कायद्याला विचारतो कोण? आणि अर्धे वाक्य टंकताच खांद्यावरून डोकावून उरलेले (हमखास चुकीचे) स्वतःच पूर्ण करणाऱ्या शुभचिंतकांनो, तुम्हाला एवढी कसली घाई आहे?