दूध कट्ट्यावर बापूंचा बॉक्स

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी आठच्या सुमारास आमची जी मंडळी जमते, तिचे एखाद्या विषयावर एकमत झाल्याचे मला आठवत नाही. गेल्या गुरुवारी बापूंनी आपल्या नव्या सेट टॉप बॉक्सचे गाऱ्हाणे मांडले, तेव्हाही तशी चिन्हे नव्हती. गणपतीच्या तोंडावर त्यांच्या घरी नवा टीव्ही आला, त्या निमित्ताने केबल सोडून डिश घ्यायचे ठरले आणि बापूंनी दुकानातच महिन्याच्या पॅकसकट सगळे पैसे मोजून दिले. शनिवारी भर पावसात एक मुलगा येऊन गच्चीवर छत्री बसवून गेला आणि त्याच रात्री ‘आपली सेवा सुरू झाली आहे’ असा संदेश बापूंच्या मोबाइलवर आला. सेवा सुरू झाल्याचा घरात तेवढा एकच पुरावा होता. पडद्यावर मात्र सहाव्या दिवशीही कोणताही पैशाचा चॅनेल लावला तरी ‘हा चॅनेल आपण घेतलेला नाही’ एवढीच ओळ येत होती. कंपनीच्या माणसांशी चारदा फोनवर बोलणे झाले आणि चारही वेळा ‘रिफ्रेश पाठवला आहे, बॉक्स चालू ठेवा’ हेच उत्तर मिळाले. (कंपनी कोणती ते मी लिहीत नाही. कट्ट्यावरच्या प्रत्येकाची कंपनी वेगळी होती आणि अनुभव सारखाच होता.)

पहिला निकाल दाजींनी दिला. त्यांना निकाल आधी लागतो आणि पुरावा मागाहून. त्यांच्या मते दोष छत्रीचा होता, कारण पावसात घाईने बसवलेली छत्री जागेवर राहणे शक्यच नाही. शिवाय दरमहा पैसे भरण्याच्या भानगडीत पडायचेच कशाला, डीडी फ्री डिश घेतली असती तर ही वेळ आली नसती, हा आपला जुना मुद्दाही त्यांनी पुढे केला. दूरदर्शनची ती सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ चॅनेल घेऊन सुरू झाली आणि तिला मासिक शुल्क नाही, हे खरे आहे. परंतु सूनबाईंना हव्या असलेल्या मालिका तिच्यावर दिसत नाहीत, असे बापूंनी शांतपणे सांगितल्यावर तो मुद्दा तेवढ्यापुरता मिटला.

छत्रीचा मुद्दा मात्र आण्णांनी हातात घेतला. आण्णांनी मिरजकर तिकटीजवळ वीस वर्षे टीव्ही दुरुस्त केले आहेत आणि डिशच्या सुरुवातीच्या काळात शेकडो गच्च्यांवर ते चढले आहेत.

“कंपनीचा स्वतःचा माहितीचा चॅनेल दिसतो का?” त्यांनी विचारले.

“तो दिसतो. त्यावर एक बाई दिवसभर पॅकचे दर सांगत असते,” बापू म्हणाले.

“मग छत्रीचे नाव काढू नका.”

यावर दाजींचे समाधान होणार नव्हते, म्हणून आण्णांनी मुळापासून सांगितले. कोल्हापूर साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर आपल्याकडच्या डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणाऱ्या टीव्ही सेवांचे उपग्रह ८३ ते १०८ अंशांच्या दरम्यान, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे, म्हणजे आपल्या भाषेत कागल-हुपरीच्या बाजूला तोंड करून असतात. छत्री या दिशेवरून हलली तर पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असे येते. नवख्या हाताने ती शेजारच्या उपग्रहावर लागली, तर सिग्नलची स्ट्रेंथ (जोर) भरपूर दिसते आणि क्वालिटीचा (स्वच्छपणाचा) पत्ता नसतो. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशांवर आणि एका खासगी कंपनीचा ९५ अंशांवर आहे, त्यामुळे या दीड अंशाच्या फरकात भलेभले फसतात. काही चॅनेल दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत, असे झाले तर एलएनबी (छत्रीसमोरचा लहरी पकडणारा भाग) किंवा तिच्या तारेकडे पाहावे. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन उभ्या किंवा आडव्या लहरींची निवड करत असतो, आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरले की ती निवड बिघडते. यांपैकी कोणत्याही बिघाडात ‘आपण हा चॅनेल घेतलेला नाही’ असे वाक्य पडद्यावर येत नाही. बापूंच्या पडद्यावर क्वालिटी ऐंशीच्या पुढे होती. छत्रीने आपले काम चोख केले होते.

“पाऊस पडत होता ना? मग चॅनेल चालू करण्याचा जो काही संदेश वरून येतो, तो पावसात वाहून गेला असेल,” दाजी म्हणाले. सगळे हसले, पण आण्णा हसले नाहीत. डीटीएच ज्या केयू बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालते, त्याच्या लहरी जोरदार सरींमध्ये खरोखरच क्षीण होतात आणि त्या वेळी चित्र जाते तसा संदेशही जाऊ शकतो, हे त्यांना मान्य करावे लागले. त्यांचे म्हणणे इतकेच होते की रविवारी आणि बुधवारी चांगली उघडीप होती, मग त्या दिवशी पाठवलेले रिफ्रेश कुठे गेले?

इथे मास्तर बोलले. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस फळा नसला तरी बोटाने हवेत आकृत्या काढतो. उपग्रहावरून येणारा प्रत्येक पैशाचा चॅनेल कुलूपबंद येतो आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. बदललेली किल्लीही चित्राबरोबरच खाली येते, परंतु तीसुद्धा बंद पाकिटात. पाकीट उघडण्याचा अधिकार बॉक्समधल्या व्ह्यूइंग कार्डाला असतो, आणि तो कंपनीने त्या कार्डाच्या नंबरावर एक संदेश पाठवून द्यावा लागतो. हा संदेशही त्याच उपग्रहावरून येतो. तो देशभरातल्या लाखो छत्र्यांवर पडतो, पण ज्याचा नंबर त्यावर आहे तेवढे एकच कार्ड तो उचलते. ज्या घटकेला संदेश येतो त्या घटकेला बॉक्स बंद असेल, तर तो येऊन निघून जातो. म्हणून कंपनी काही काळ तो पुन्हापुन्हा पाठवते आणि मग थांबते. रिफ्रेश म्हणजे हाच संदेश नव्याने पाठवणे. ‘बॉक्स चालू ठेवा’ हे सांगणे म्हणजे टाळाटाळच असते असे नाही.

“आमच्याकडे रात्री भिंतीवरचे बटणच बंद करतात,” बापूंनी कबुली दिली. “पण रविवारी आणि बुधवारी मी तो दिवसभर चालू ठेवला होता. माझ्यादेखत.”

दाजींनी लगेच दुसऱ्या कंपनीचे कार्ड आणून त्यात घालण्याचा उपाय सुचवला. मोबाइलमध्ये कोणाचेही सिम चालते, मग इथे का नको? प्रश्न वाजवी आहे. बॉक्स कोणत्याही कंपनीला चालणारे असावेत अशी शिफारस ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) एप्रिल २०२० मध्ये केलीही होती, पण बाजारात आजही एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे नेला की त्याचा उपयोग कपाटावर ठेवण्यापुरता उरतो. प्रत्येकीची कुलपे वेगळी.

वकीलसाहेब तोवर गप्प होते. त्यांनी बापूंचा मोबाइल मागून घेतला, शनिवारचा संदेश दोनदा वाचला आणि सांगितले की कंपनी आता हात वर करू शकत नाही, कारण सेवा सुरू झाल्याचे तिने स्वतःच लिहून दिले आहे. तिच्या संगणकावर बापूंचा बॉक्स चालू दिसत असणार आणि पॅकचे दिवस शनिवारपासून मोजले जात असणार.

“चालू दिसतो म्हणजे काय?” आण्णा एकदम म्हणाले. “त्यांना दिसणार कसा? साहेब, या बॉक्सला कान आहेत, तोंड नाही.”

माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते. मोबाइल टॉवरशी बोलतो, म्हणून तो जोडला गेला की नाही हे कंपनीला त्याच क्षणी कळते. साधा डिशचा बॉक्स फक्त ऐकतो. इंटरनेटला जोडलेले नवे बॉक्स सोडले, तर संदेश मिळाला की नाही हे उलट सांगण्याची कोणतीही वाट त्याच्यापाशी नाही. म्हणजे कंपनी ‘चालू झाला’ म्हणते तेव्हा तिला फक्त आपण संदेश पाठवल्याचे ठाऊक असते, आणि तो पाठवताना नंबर कोणता घालायचा हे तिला गच्चीवरून उतरलेल्या मुलाने कळवलेले असते. ॲक्टिव्हेशन हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या घटनांना वापरतो: एक कंपनीच्या वहीत घडते, दुसरी आपल्या घरात. फोनवर बोलणारा कर्मचारी पहिलीबद्दल खरे सांगत असतो, ग्राहक दुसरीबद्दल खरे सांगत असतो, आणि दोघेही समोरच्याला खोटा समजतात.

वकीलसाहेबांना हे पटले, पण त्यामुळे कंपनीची जबाबदारी कमी होते हे पटले नाही. बोलता बोलता दुकानदाराने ॲक्टिव्हेशनचे म्हणून वेगळे पाचशे रुपये घेतल्याचे निघाले आणि दाजींनी ‘शंभराच्या वर घेताच येत नाहीत, कायदा आहे’ असे जाहीर केले. वकीलसाहेबांनी त्यांना दुरुस्त केले. ट्रायच्या २०१७ च्या नियमांत बसवण्याच्या शुल्कावर ३५० रुपयांची आणि चालू करण्याच्या शुल्कावर १०० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ च्या दुरुस्तीने ती काढून घेतली. तेव्हा पाचशे रुपयांवरून भांडण्यात अर्थ नव्हता. भांडायचे असेल तर ग्राहकाच्या अर्जावरून भांडावे, कारण त्या अर्जाची प्रत ग्राहकाला मिळायला हवी आणि बॉक्सचा व कार्डाचा नंबर तिच्यावर असायला हवा.

“प्रत कुठे आहे?” त्यांनी विचारले.

प्रत नव्हती. पावती होती. बापूंनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवली होती, आणि तिच्यावर दुकानदाराने निळ्या शाईने कार्डाचा नंबर लिहिला होता. आण्णांनी लगेच घरी फोन लावायला सांगितले. नातीने फोन उचलला. बॉक्सच्या मेनूमध्ये जाऊन तिथे दिसणारा कार्डाचा नंबर सावकाश वाचून दाखव, असे आण्णांनी तिला समजावले आणि दुधाचा ग्लास बाजूला ठेवून पावतीवर बोट धरले. नात एकेक आकडा वाचत होती आणि बोट पुढे सरकत होते. शेवटच्या तीन आकड्यांपाशी ते थांबले. तिला पुन्हा वाचायला लावले, तरी ते तीन आकडे जुळेनात.

मग बापूंना आठवले की दुकानात रिमोट दाखवण्यासाठी काउंटरवर दोन खोकी उघडली होती. त्यातला बॉक्स यात आणि यातला त्यात गेला असणार. दुकानदाराने नंबर खोक्यावरच्या स्टिकरवरून उतरवला. बसवणाऱ्या मुलाने पावसात भिजत पडद्यावर नंबर पाहण्याऐवजी पावतीचाच फोटो पुढे पाठवला. म्हणजे बापूंच्या नावाचे सगळे रिफ्रेश सहा दिवस अगदी नेमाने, चुकीच्या कार्डाला हाक मारत होते.

“म्हणजे तुमच्या पैशांनी उचगावात कोणीतरी मालिका बघत बसलेय,” दाजी म्हणाले. या एका वाक्यावर त्यांना कोणी विरोध केला नाही.

तसे झालेले नव्हते. शुक्रवारी सकाळी बापू आणि आण्णा दुकानात गेले, तेव्हा दुसरे खोके फळीवरच होते आणि त्यातल्या कार्डावर पावतीवरचा नंबर होता. दुकानदाराने वाद न घालता, हे मान्य करावे लागेल, योग्य नंबर कळवला. बापूंनी घरी फोन करून बॉक्स चालू ठेवायला सांगितले आणि दुकानदाराने मागवलेला चहा येण्याच्या आत नातीचा उलट फोन आला की सगळे चॅनेल दिसू लागले आहेत.

वाद मात्र संपलेला नाही. कंपनी पॅकचे दिवस शनिवारपासूनच मोजते आहे. बापूंचे म्हणणे असे की सहा दिवसांचे पन्नास-साठ रुपये होतील, त्यासाठी कोण डोके लावणार. वकीलसाहेब म्हणतात की चित्र ज्या दिवशी दिसले त्या दिवसापासूनच दिवस मोजले पाहिजेत. लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, नाही ऐकले तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला कळवा. आण्णांच्या मते यात चूक दुकानदाराची, कंपनीने पैसे का सोडावेत? वकीलसाहेबांचे उत्तर असे की दुकानदार कंपनीच्याच वतीने नंबर कळवतो. यावर दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. शेवटी बापूंच्या नावाने वकीलसाहेबांनी स्वतःच तक्रार लिहिली आणि तिच्यात तारखांसकट सगळी हकिकत घातली. सोमवारी तिचे उत्तर आले. आपली अडचण आम्ही समजू शकतो, असे त्यात म्हटले होते, आणि आपल्या बॉक्ससाठी नव्याने रिफ्रेश पाठवला असून कृपया बॉक्स चालू ठेवावा, अशी विनंती केली होती.