५०७० म्हणजे स्वस्तातलं ४०९० नव्हे

‘आरटीएक्स ५०७० घ्या, ४०९०चा वेग ५४९ डॉलरमध्ये मिळतो’ हा गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डांबद्दलचा दावा अजूनही फिरतोय (४०९० हे आधीच्या पिढीतलं सगळ्यात वरचं कार्ड). मूळ वाक्य जानेवारी २०२५ मध्ये ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून उच्चारलं. हे एआयशिवाय शक्य नाही, असंही ते तिथेच म्हणाले. फॉरवर्ड करताना नेमकं तेवढंच गळालं.

ही बरोबरी मल्टी फ्रेम जनरेशन चालू केल्यावरची आहे. त्यात कार्ड एक फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एक स्थिर चित्र, खरी काढतं आणि खऱ्या फ्रेमच्या मधल्या जागेत एआय आणखी फ्रेम भरतं; २०२५ मध्ये हे कार्ड आलं तेव्हा जास्तीत जास्त तीन. स्क्रीनवर १२० एफपीएस (सेकंदाला १२० फ्रेम) दिसले तरी खऱ्या फ्रेम ३०च असू शकतात, म्हणजे दोन खऱ्या फ्रेममध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांचं अंतर. माउस हलवल्यावर हाताला जाणवतो तो हाच वेग. उलट मधल्या फ्रेम भरण्यासाठी पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते, त्यामुळे प्रतिसाद किंचित आणखी उशिरा येतो. चित्र गुळगुळीत, हात मात्र जड! नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्ये हे फार खटकतं. मुळात ६०-७० एफपीएस मिळत असतील, तर हीच सोय खरोखर छान वाटते.

हार्डवेअरचं तर विचारूच नका. ५०७० मध्ये ६,१४४ कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे घटक) आणि १२ जीबी मेमरी, ४०९० मध्ये १६,३८४ आणि २४ जीबी.

५०७० वाईट कार्ड नाही. फक्त किंमत ठरवताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचे आकडे पाहा, आणि सरासरीसोबत ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा वेगसुद्धा. गेम अडखळतो का, ते तिथे कळतं.