शास्त्राचं एखादं सोपं पुस्तक आहे का हो?

सांगलीत ‘मला गाणं शिकायचंय’ म्हटलं तर लोक फार तर ‘आत्ता? या वयात?’ एवढंच विचारतात. पण ‘गाण्याचं शास्त्र समजून घ्यायचंय, अगदी पहिल्यापासून’ म्हणून बघा. जो तो एक पुस्तक सुचवतो, आणि आधीच्या माणसानं सुचवलेलं कसं कुचकामी आहे तेही फुकटात सांगतो.

सुरुवात परीक्षेच्या गाइडांनी केली. वादी म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर. संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा. बाकीचे अनुवादी. आणि विवादी म्हणजे ज्याला रागात जागा नाही, तरी जाणकार त्याला मधूनच हळूच आत घेतात. हे वाचून मला आमच्या सोसायटीची कमिटी लख्ख कळली. यमन राग मात्र होता तिथंच राहिला.

मग यूट्यूब. एक ताई म्हणाल्या, सा म्हणजे पांढरी एक. दुसरे दादा काळी चारवर सा धरून बसलेले. तिसरा इंग्रजीतून सी मेजर, सी मेजर करत होता. ते आपल्या बिलावलचेच, म्हणजे सगळे शुद्ध स्वर निघाले. सा मुळी कुठल्याही पट्टीवर धरता येतो, बाकीचे सूर त्याच्या अंतरानं आपोआप ठरतात, ही गोष्ट एकानंही पहिल्या धड्यात सांगितली नाही. सगळ्यांना ती ठाऊकच असते म्हणे. मग मी काय बिनसगळ्यातला?

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ते म्हणाले, “थाटबीट सोड, आधी श्रुती.” थाट म्हणजे राग ज्यांत बसवतात ते सात स्वरांचे साचे, आणि श्रुती म्हणजे सप्तकातले बारीक बारीक सूर. सांगलीत निवृत्तीनंतर श्रुती मोजायला परंपरा आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं. कृष्णाजी बल्लाळ देवल हे इथले निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढं क्लेमंट्स नावाच्या आयसीएस साहेबाबरोबर श्रुतींची पेटीही करवून घेतली. काकांनी वहीत ३/२ लिहिलं आणि म्हणाले, “हा तुझा पंचम, साच्या दीडपट कंपनं.” मग ५/४, हा गंधार. मग ९/८, हा रिषभ. त्यानंतर कॅल्क्युलेटर आला. सुराशी याचा संबंध काय, असं विचारल्यावर काकू आतून म्हणाल्या, “विचारू नको रे, हे अजून गायलेले नाहीत.”

मिरजेचा फेरा अर्थातच झाला. शास्त्र विचारायला नव्हे, तानपुरा बघायला. सतारमेकरांच्या गल्लीत एक मामा भोपळ्याशेजारी बसून जवारी काढत होते, म्हणजे तारा घुमाव्यात म्हणून घोडी घासत होते. त्यांनी तारा दाखवल्या: पहिली पंचम, मधली जोडी षड्ज, शेवटचा खर्ज, म्हणजे खालचा सा. मग छेडून म्हणाले, “गंधार ऐकू येतोय?” मी म्हटलं, “गंधाराची तार कुठाय?” ते म्हणाले, “तार नाही, पण तो खर्जातून येतो.” आणि खरंच, थोड्या वेळानं कुणीतरी लांबून ‘ग’ म्हणतंय असं वाटायला लागलं. काकांचं ५/४ ते हेच, हे मला बसमध्ये कृपामयीच्या आसपास उमगलं. काकूंना सांगावं असं वाटलं, पण हिंमत झाली नाही.

तोवर संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे दहा थाट पाठ झाले होते: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. बाजारातून येतानाही म्हणायचो. भाजीवाल्या मावशी जरा लांबच सरकायच्या. आणि नेमकं तेव्हाच पुस्तकात भूप आणि देसकार समोरासमोर आले. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूप कल्याण थाटात, देसकार बिलावलात. आता या दोन थाटांना वेगळं करणारा मध्यमच, आणि वर निषादही, दोघांनी घरी ठेवला असताना थाट ठरवला कुणी, आणि कशावरून?

काकांचं गणित इथं थांबलं. यूट्यूबवाले दादा ‘चलन वेगळं’, म्हणजे स्वरांची चाल वेगळी, म्हणून पुढच्या व्हिडिओकडं गेले. शेवटी विश्रामबागेत क्लास घेणाऱ्या बाईंना संध्याकाळी गाठलं. त्यांनी भूप लगेच गाऊन दाखवला, गंधारावर मुक्काम करत. छान. मग मी म्हटलं, “आणि देसकार?”

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. “आत्ता? अहो, देसकार सकाळचा राग. उद्या सकाळी या, मग सांगते धैवताची गंमत.”

सकाळची बॅच सातची, सगळी चौथी-पाचवीतली मुलं. मी दारात दिसल्यावर एकानं नम्रपणे विचारलं, “काका, तुमचा कोण आहे क्लासमध्ये?”